आम्ही शिवलेली पर्स

शाळेच्या स्मरणिकेसाठी लेख पाठवावा असा माजी विद्यार्थी संघाचा निरोप आला, तेव्हा आम्हा दोघी बहिणींना विषय ठरवायला वेळ लागला नाही. वसतिगृहातील पहाटेची वंदना, भोजनगृहातील पातळ पिठले, अधीक्षिका ताईंचा धाक आणि त्यामागची माया यांवर आपल्या बंधुभगिनींनी आमच्याहून चांगले लिहिले आहे. आम्ही लिहीत आहोत ते घरी, हाताने शिवलेल्या चामड्याच्या एका पर्सविषयी. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु मागील मेळाव्यात आम्ही एक सूचना मांडली होती, की आठवी-नववीच्या मुलामुलींना सुट्टीत चर्मकला शिकवावी, त्यासाठी आम्ही येऊ. सभागृह क्षणभर शांत झाले. मग मागच्या रांगेतून एक ज्येष्ठ बंधू उठले आणि म्हणाले, "बाबासाहेबांनी जे सोडायला सांगितले, तेच आपल्या शाळेत शिकवायचे का?" वेळ थोडा होता, पुढचे वक्ते खोळंबले होते. प्रश्न मात्र योग्य होता, आणि तो घाईने निकालात काढण्यासारखा नव्हता. हा लेख त्या ज्येष्ठ बंधूंना लिहिलेले पत्र समजावे.

हा प्रश्न त्यांच्या आधी आमच्या आईने आम्हाला विचारला होता, आणि तोही अधिक कडक शब्दांत.

आमचे मूळ गाव गंगापूर तालुक्यातले. गावात गाय-बैल मेला की सांगावा येई आणि आमच्या आजोबांना हातातला घास टाकून जावे लागे. जनावर ओढून गावाबाहेर न्यायचे, सोलायचे, हाडे-शिंगे वेगळी करायची. तिथून पुढे कातडे ढोरवाड्यात जाई, बाभळीच्या सालीच्या आणि हिरड्याच्या पाण्यात मुरे. कमावलेले चामडे चांभारवाड्यात जाई आणि तिथे त्याची चप्पल, मोट, पखाल होई. ती मोट शेतात, चप्पल पाटलाच्या पायात. एकाच चामड्यावर तीन वस्त्यांचे हात लागत आणि त्या तिन्ही वस्त्या एकमेकींच्याही घरी पाणी पीत नसत. वर बसलेल्याला खालच्या तिघांत भांडण लावून देण्याची गरजच उरली नव्हती, इतकी ती व्यवस्था पक्की होती.

महाडच्या १९२७ च्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडण्यास सांगितले, हे आपल्या शाळेतल्या पाचवीच्या मुलालाही ठाऊक असते. त्यानंतरच्या त्यांच्या एका आठवणीकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात त्यांनी एका जुन्या हिशोबाची गोष्ट सांगितली आहे. मेलेली जनावरे ओढणे सोडले तर कातडे, शिंगे, हाडे यांतून मिळणारे वर्षाचे पाचशे रुपये बुडतील, गरिबांचे नुकसान होईल, असा कळवळा कोणीतरी दाखवला होता. बाबासाहेबांनी तो हिशोब नाकारला नाही. एवढा फायदा असेल तर तो तुम्हीच घ्या, वर पाचशे रुपये मी देतो, असे त्यांनी सुनावले. आमच्या मते त्या उत्तरात सगळा मुद्दा आहे. काम फायद्याचे असेल तर ते कोणीही करावे. आणि ते कोणी करायचे हे जन्मावरून ठरत असेल, तर त्यात फायदा कितीही असो, ते सोडावे.

आजोबा नागपूरहून परतले आणि पुढच्या सांगाव्याला गेले नाहीत. आई तेव्हा सात वर्षांची होती. गावाने बलुते बंद केले, पिठाच्या गिरणीने दळण नाकारले, आणि तो हिवाळा त्यांनी चुलत्याच्या गावाहून आणलेल्या ज्वारीवर काढला. हे आईने आम्हाला फार वेळा सांगितलेले नाही. सांगितले ते एकदाच, सलग, आणि पुढे त्यावर बोलणे टाळले. तेव्हा आम्ही चामडे घरात आणले त्या संध्याकाळी ती काय म्हणाली असेल, याची कल्पना वाचकांना येईल.

"आम्ही सोडलेलं तुम्ही घरात आनलं व्हय?"

आणण्याचे निमित्त एका बातमीचे झाले. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरात प्राडा या नामांकित घराण्याने पुरुषांच्या पोशाखांच्या प्रदर्शनात जी पायताणे दाखवली, ती हुबेहूब कोल्हापुरी चपलेसारखी होती. सुरुवातीला त्यांत कोल्हापूरचे नाव मात्र नव्हते. महाराष्ट्रातून ओरड झाली, तेव्हा त्या घराण्याने मूळ प्रेरणा मान्य केली. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्येच भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्हे त्यात येतात. वर्तमानपत्रांत त्या पायताणांच्या लाखाच्या पुढच्या किमतीची चर्चा होती. आमच्यापैकी धाकटी वाळूजच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणी विभागात आहे, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाशी तिचा रोजचा व्यवहार. ती बातमी वाचून म्हणाली, "ताई, यात इतकं अवघड काय असतं ते एकदा करून तर बघू." थोरली कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. तिला बसस्थानकावरच्या दुकानातल्या रेक्झिनच्या पर्सचा कंटाळा आला होता. दर दीड वर्षाने पर्सचा पापुद्रा सुटायचा आणि दसऱ्याला नवी घ्यायची. (हल्ली त्याच रेक्झिनच्या भावंडांना 'व्हेगन लेदर' असे गोंडस नाव देऊन दुप्पट भावाने विकतात. बहुतेक वेळा ते कापडावर चढवलेले प्लास्टिकच असते.)

चप्पल शिवणे आमच्या आवाक्याबाहेरचे. ते पिढ्यांचे काम आहे. आम्ही ठरवली पर्स, पण लोंबणारी झोळी नव्हे. रिकामी असली तरी टेबलावर आपल्या बळावर उभी राहणारी, चौकोनी, झाकणाची. वसतिगृहात आपण प्रत्येकाने जी पत्र्याची पेटी आणली होती, तिच्या घाटाची म्हणा ना. २८ सेंटीमीटर रुंद, २२ उंच, १० खोल. थोरलीच्या वह्या आणि जेवणाचा डबा एवढे त्यात मावले पाहिजे, अशी अट.

उभी राहणारी पर्स हवी तर चामडे झाडाच्या सालीत कमावलेले हवे, हे आम्हाला पैठण गेटजवळ पत्र्याच्या गटई स्टॉलमध्ये बसणाऱ्या एका वयस्क काकांनी सांगितले. बाजारातले बहुतेक मऊ चामडे क्रोमियमच्या क्षारांत कमावलेले असते. ते दिवसा-दोन दिवसांत तयार होते, हातात रेशमासारखे लागते, पण उभे राहत नाही आणि त्याची कड घासून चकाकत नाही. सालीत मुरलेल्या चामड्याला आठवडेच्या आठवडे लागतात. ते ताठ असते, ओले केले की वळते आणि वाळले की वळवल्या आकारात राहते. काकांनी एक जुना तुकडा आमच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "हे वाजवून बघा." बोटाने टिचकी मारली तर पुठ्ठ्यासारखा आवाज आला.

आमच्या शहराला हिमरूचा वारसा आहे, जवळ पैठणला पैठणी आहे; मनासारखे चामडे मात्र आम्हाला इथे मिळाले नाही. म्हणून शनिवारी रात्री देवगिरी एक्स्प्रेसने दादर, तिथून लोकलने शीव आणि पुढे चालत धारावी. चामड्याच्या दुकानांची ती ओळ पाहण्यासारखी आहे. आपल्याकडे कापडाचे ठाण उलगडतात तशी तिथे अख्खी कातडी उलगडतात. २०१५ मध्ये लागू झालेल्या कायद्याने राज्यात बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आली तेव्हापासून धंदा कसा बदलला, हे तिथल्या दुकानदारांच्या तोंडून ऐकावे. आम्ही घेतले ते म्हशीचे चामडे, दोन मिलिमीटर जाडीचे. आणि आतल्या अस्तराला बकरीचे, त्याच्या निम्म्याहून पातळ. विक्री चौरस फुटावर होते. पाठीचा भाग घट्ट आणि एकसारखा असतो, पोटाचा भाग सैल आणि ताणला जाणारा. म्हणून पर्सच्या पुढच्या-मागच्या बाजू आणि पट्टा पाठीतूनच कापायचा, आणि पट्टा तर कण्याच्या दिशेनेच, नाहीतर वर्षभरात तो लांबत जातो. आमच्या तुकड्यावर एका बाजूला काटेरी तारेचा ओरखडा होता, भरून आलेला. दुकानदार तो भाग वगळून देतो म्हणाला. आम्ही तो ठेवला. आज तो झाकणाच्या उजव्या कोपऱ्यात दिसतो.

घरी आणल्यावर आईने वरचा प्रश्न विचारला आणि दोन दिवस आमच्याशी बोलली नाही. ते चामडे आम्ही गच्चीच्या खोलीत ठेवले. तिसऱ्या दिवशी दुपारी ती स्वतःच वर गेली. आम्ही कामावर होतो. संध्याकाळी तिनेच सांगितले. गुंडाळी सोडून वास घेऊन पाहिला म्हणाली. "हा तो वास न्हाई. हा झाडाचा वास हाय." तिच्या स्मरणातला वास सोलण्याचा आणि ढोरवाड्याच्या वाटेवरचा होता, कमावून, वाळवून, तेल लावून पूर्ण झालेले चामडे तिने सत्तर वर्षांत कधी नाकाजवळ नेलेच नव्हते. ज्यांनी सोलले त्यांच्या घरात ते पूर्ण होऊन कधी परत येत नसे, हे आमच्याही ध्यानात तेव्हाच आले.

तरीही तिचे समाधान झाले नव्हते. तिने पुढचा प्रश्न काढला, "मेलेलं का मारलेलं?"

आम्ही दुकानदाराला हे विचारले होते. तो हसला. टॅनरीतून माल येतो, ताई, तिथे कोण लिहून ठेवतो. म्हशीचे बहुतेक चामडे मांसाच्या धंद्यातून येते, हे आम्ही आईला खरे तेच सांगितले. ती म्हणाली, "मग आपलं सील कुठं गेलं?"

हा प्रश्न घेऊन आम्ही आपल्या शाळेच्या ग्रंथालयात आलो होतो, हे ग्रंथपाल सरांना आठवत असेल. विनयपिटकातील महावग्गात चामड्यावर एक अख्खा खंधक आहे, चम्मक्खन्धक. शाळेत असताना आम्हाला त्यातली सोण कोळिविसाची गोष्ट वीणेच्या तारांसाठी शिकवली गेली. तारा फार ताणू नयेत, फार सैल सोडू नयेत, एवढाच धडा आम्ही पाठ केला. त्या गोष्टीचा उरलेला भाग पायांचा आहे. श्रीमंताघरचा हा नाजूक तरुण भिक्खू होऊन चंक्रमण करू लागला तेव्हा त्याचे तळपाय फुटून वाट रक्ताने भरली, आणि बुद्धांनी त्याला एकपदरी पायताण वापरण्याची मुभा दिली. सोणाने ती एकट्यासाठी घेतली नाही. इतके सोने सोडून आलो आणि आता चपलेत अडकलो असे लोक म्हणतील. संघाला परवानगी असेल तर मलाही, असे तो म्हणाला. मग ती संघाला मिळाली.

त्याच खंधकात पुढे एक उलटी गोष्ट आहे. एका भिक्खूला एका गृहस्थाच्या वासराची ठिपक्यांची सुंदर कातडी आवडते. तो टक लावून पाहत राहतो. गृहस्थ वासरू मारून कातडी त्याला देतो. ती संघाटीखाली लपवून तो विहाराकडे निघतो आणि वासराची आई हंबरत त्याच्या मागे मागे येते. त्या प्रसंगानंतर गाईच्या कातड्याला मनाई झाली. आणि त्यानंतर लगेच महाकच्चानांचा निरोप येतो, अवंती आणि दक्षिणापथातून, म्हणजे आपल्याच दिशेने. त्या निरोपात म्हटले आहे, की इकडची जमीन वरून काळी, खडबडीत, गुरांच्या खुरांनी तुडवलेली आहे. तेव्हा इथे जाड पायताण चालावे. आणि या मुलखात मेंढी, बकरी, हरीण यांची कातडी अंथरायला वापरतात, तीही चालावीत. ते मान्य झाले. काळ्या मातीत नांगरटीनंतर ज्याने अनवाणी पाय टाकला आहे, त्याला ही अडीच हजार वर्षांपूर्वीची तक्रार समजावून सांगण्याची गरज नाही.

हे सगळे आम्ही आईला वाचून दाखवले. वासराच्या गोष्टीपाशी तिने हात वर करून थांबवले आणि तेवढाच भाग पुन्हा वाचायला लावला. तिचा निर्णय असा: हौसेसाठी जनावर मारायला लावू नये, जे मांसासाठी कापलेच गेले त्याचे कातडे उकिरड्यावर टाकण्यापेक्षा वापरावे, आणि एकदा घेतले तर दर दसऱ्याला नवे मागू नये. हा निर्णय सर्वांना पटेल असे नाही. आमच्यापैकी धाकटीला तो पुरता पटलेला नाही. ती मांसाहार करत नाही, आणि मागणी वाढली की 'कापलेच गेले' या शब्दांचा अर्थ बदलतो, असे तिचे म्हणणे. तिचा मुद्दा खोडून काढता येईल असे आम्हाला वाटत नाही. एकाच पर्सवर दोन मते ठेवून आम्ही ती शिवली.

आता शिवण्याविषयी, कारण ज्या मुलांना शिकायचे आहे त्यांना तेच हवे असेल.

पहिले तीन रविवार चामड्याला सुरी लागली नाही. जाड पुठ्ठ्याची पर्स केली, चिकटपट्टीने जोडली, त्यात डबा ठेवला, वह्या ठेवल्या, काढल्या. मग कोपऱ्यांचा हिशोब. पर्सच्या दोन्ही बाजू आणि तळ मिळून एकच लांब पट्टी असते. ती पुढच्या भागाच्या तीन कडांना शिवली जाते. सरळ मोजले तर २२ अधिक २८ अधिक २२, म्हणजे ७२ सेंटीमीटर. पण खालचे कोपरे ३ सेंटीमीटर त्रिज्येने गोल वळवले की प्रत्येक कोपऱ्यात ६ सेंटीमीटरऐवजी सुमारे ४.७ सेंटीमीटरच लांबी लागते. पट्टी ६९.४ सेंटीमीटरची झाली. वर्तुळाच्या परिघाचे सूत्र आयुष्यात कुठे लागते, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यांना थोरली आता ती पर्सच दाखवते. चार मिलिमीटरला एक टाका धरला तर एका बाजूला १७३ टाके, दोन्ही बाजूंना ३४६. पुढच्या भागावर जितकी भोके तितकीच पट्टीवर हवीत. एक कमी-जास्त झाले तर शेवटी पर्स वाकडी तोंड करून बसते.

पट्टीची कड आत दुमडून शिवणीसाठी एक सेंटीमीटरचा ओठ काढावा लागतो. त्यासाठी सुताराकडून गोल कोपऱ्यांचा एक लाकडी ठोकळा करून घेतला. चामडे ओल्या स्पंजने भिजवायचे, पाणी आत मुरेपर्यंत थांबायचे, मग ठोकळ्यावर बसवून हाडाच्या किंवा लाकडाच्या गुळगुळीत तुकड्याने कड दाबत जायची. लोखंड लावू नये, ओल्या चामड्यावर काळा डाग उमटतो. रात्रभर वाळू दिले की सकाळी पट्टी ठोकळ्याच्या आकाराची निघते. पावसाळ्यात मात्र दोन दिवस पंख्याखाली ठेवावे लागले, नाहीतर बुरशी धरते.

जिथे दोन-तीन थर एकावर एक येतात तिथे कड आतून तासून पातळ करावी लागते. हे रापीचे काम. रापी कशी धरायची हे काकांनी दाखवले. आमच्याकडे पाहून त्यांनी एवढेच विचारले होते, "तुमच्यात हे कोण करत होतं?" आम्ही खरे सांगितले, की आमच्यात सोलणारे होते, शिवणारे नव्हते. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझी पोरं हे करत नाहीत. एक बँकेत आहे. बरंच झालं." आणि रापी आमच्या हातात दिली. तो दगडावर धार लावून देत असे. आम्ही पैसे विचारले की चहाचे सांगे. आजोबांच्या काळात त्यांचे आणि आमचे आजोबा एका ओट्यावर बसून चहा प्यायले नसते, हे त्यांनाही माहीत होते आणि आम्हालाही.

शिवणीत एकच दोरा, मेण लावलेला, आणि त्याच्या दोन टोकांना दोन सुया. शिवणीच्या चौपट लांबीचा दोरा लागतो, म्हणून एका बाजूला तीन मीटर घेतला. प्रत्येक भोकातून एक सुई इकडून, दुसरी तिकडून. मग दोन्ही हातांनी सारखे ओढायचे. यात एखादा टाका पुढे कधी तुटला तरी शेजारचे धरून राहतात, मशीनच्या शिवणीसारखी ती उसवत जात नाही. काका मात्र आकडीच्या आरीने दोरा वर ओढून दुसरे टोक त्यातून घेतात, आणि आम्ही पाच टाके घालू तेवढ्यात त्यांचे पंधरा होतात. आपल्याकडची ही आरी आम्हाला जमली नाही. दोन सुयांवरच समाधान मानले.

सर्वांत जास्त वेळ कडांना लागला. पॉलिश पेपरने घासायच्या, डिंकाचे पातळ पाणी लावायचे, जाड कापडाने चोळायच्या, पुन्हा घासायच्या. चौथ्या-पाचव्या फेरीला तीन थरांची कड एकच अखंड लाकूड असल्यासारखी दिसू लागते. शेवटी मेण. हे काम बोलता बोलता होते. ज्या रविवारी आम्ही झाकणाच्या कडा चोळत होतो त्या रविवारी आईने आजोबांच्या त्या हिवाळ्याची गोष्ट आयुष्यात दुसऱ्यांदा सांगितली, आणि यावेळी चुलत्याच्या गावाहून ज्वारी डोक्यावर आणणाऱ्या आजीचे नाव त्यात होते. पहिल्या खेपेला नव्हते.

सगळे भाग शिवण्याआधी जमिनीवर मांडले होते तेव्हा धाकटी म्हणाली, "यात पर्स कुठली?" नागसेनवनात शिकलेल्यांना हसू येईल. मिलिंद महाविद्यालयाचे नाव ज्या राजावरून आले, त्याला नागसेनांनी रथाबद्दल असेच विचारले होते, की चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का. आमच्यापुरते सांगायचे तर शेवटचा टाका घालेपर्यंत ती पर्स कुठेच नव्हती.

खर्चाचा हिशोब द्यायला हवा, कारण चर्मकला शिकून मुलांना रोजगार मिळेल, असे कोणी सभेत म्हणाले होते. म्हशीचे चामडे ६ चौरस फूट, १८० रुपये दराने १,०८०. अस्तर ३६०. कड्या, बकल, चुंबकाचे बटण २४०. दोरा, मेण, डिंक, चिकटवण्याचे रसायन ३२०. एकूण २,००० रुपये. गाडीभाडे आणि हत्यारे वेगळी. अकरा रविवारांत मिळून ४१ तास लागले. तासाला शंभर रुपये मजुरी धरली तरी पर्स ६,१०० ला पडते, आणि बाजारात रेक्झिनची हजार-दीड हजाराला मिळते. तेव्हा या कामाने घर चालेल असे आश्वासन आम्ही कोणाही पालकाला देणार नाही. काकांचे घर यावर कधी नीट चालले नाही, आणि त्यांचा हात आमच्या तिप्पट चालतो. वस्तूवर मोठे नाव कोरले की लाख रुपये येतात, शिवणाऱ्याचे नाव कोरून येत नाहीत, एवढे या बातम्यांतून मुलांनी वाचावे आणि त्याचे कारण आपल्या शिक्षकांना विचारावे. आमच्या दृष्टीने तोही अभ्यासक्रमाचाच भाग आहे.

मग शिकवायचे कशाला? आम्हाला वाटते ते असे. आपल्या शाळेत चित्रकला आहे, संगणक आहे, शिवणकाम आहे, चामडे नाही. ते शिकवण्याची सोय नसते म्हणून नव्हे. त्या वस्तूकडे पाहताना आपल्याला अजून अवघडल्यासारखे होते म्हणून. आजोबांनी सांगावा नाकारला तेव्हा त्यांनी हे अवघडलेपण वारसा म्हणून आमच्या हाती दिले असेल, असे आम्हाला वाटत नाही. त्यांना नकार देण्याचा हक्क हवा होता, तो त्यांनी फार मोठ्या किमतीला घेतला. ज्याला नकार देता येतो त्याला होकारही देता येतो. हे शिक्षण ऐच्छिक असावे, आणि एखाद्या मुलाने किंवा त्याच्या घरच्यांनी नको म्हटले तर कारण विचारू नये. वर्ग काकांसारख्या जाणत्या कारागिराने घ्यावा, त्यांना 'सर' म्हणावे आणि इतर अतिथी शिक्षकांइतकेच मानधन द्यावे. आम्ही त्यांच्या हाताखाली मदतनीस म्हणून येऊ. धारदार हत्यारे असल्याने आठवीच्या खालच्यांना घेऊ नये. आणि वर्गात पहिल्या दिवशी चामडे हातात देण्यापूर्वी ते कुठून आले आणि पूर्वी कोणी कोणत्या वाटेने नेले, हे मुलांना सांगावे. नागपूरचा तो पाचशे रुपयांचा हिशोबही सांगावा.

ज्येष्ठ बंधूंना हे पटावे असा आमचा आग्रह नाही. त्यांचे वडील कोणत्या गावचे, त्यांच्या वाट्याला काय आले, हे आम्ही विचारलेले नाही. ते सांगणार असतील तर आम्ही त्यांच्या घरी येऊन ऐकू.

पर्स झाली ती थोरलीसाठी. ती तीन आठवडे महाविद्यालयात नेली. १४ ऑक्टोबरला आईला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे होते. दरवर्षी ती आधारकार्ड, औषधाच्या गोळ्या, चष्मा आणि आजोबांचा एक फोटो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, ती पिशवी कापडी पिशवीत घालून निघते. यंदा आदल्या रात्री तिने हे सगळे ओट्यावर मांडले आणि थोरलीला म्हणाली, "ती तुझी पेटी दे." पट्टा थोरलीच्या उंचीचा, आईला तो गुडघ्यापर्यंत येऊ लागला. आणखी दोन भोके पाडणे भाग होते. आम्ही पट्टा लाकडी ठोकळ्यावर ठेवला, खुणा केल्या, भोक पाडण्याचा ठसा उभा धरला. हातोडी उचलणार तोच आईने हात पुढे केला. पहिला घाव हलका पडला. दुसरा नीट बसला, आणि चामड्याचा वाटोळा तुकडा टणकन उडून मोरीपाशी गेला.